शालभंजिकेच्या दारातल्या दादांना

ग्वाल्हेरच्या गूजरी महालातले दादा,

नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, याची दोन आठवडे चुटपुट लागून आहे. पत्र मराठीत लिहितेय. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारी माझी मामेबहीण येऊन ते हिंदीत सांगेल.

काठीवाल्या आजींना घेऊन आले होते ना, ती मी. आई ७८ वर्षांची, माहेर ग्वाल्हेरचं. लहानपणी आजोबा तिला बोट धरून तुमच्या महालात आणायचे. राजा मानसिंह तोमरानं गूजरी राणीसाठी, मृगनयनीसाठी, हा महाल बांधला ती गोष्ट आणि १९२०च्या सुमारास ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या मो. ब. गर्द्यांनी तिथं संग्रहालय उभं केलं ती, दोन्ही ते सारख्याच तोऱ्यात सांगत. जणू गर्दे आमच्याच वाड्यातले!

आता आईच्या नजरेचा मधला भाग गेलाय. समोरचं पुसट, कडेचं थोडंफार दिसतं. याआधी एका संग्रहालयात (नाव घेत नाही) बंद दालन दाखवा म्हटलं, तर "साहेब जेवायला गेलेत", मग "उद्या या". एकजण तर म्हणाला, "आजींना दिसत नाही, तर आणता कशाला?" आई तिथं गप्प राहिली. रिक्षात म्हणाली, "कान शाबूत आहेत म्हणावं."

म्हणून ग्यारसपूरची शालभंजिका, ती वृक्षसुंदरीची दगडी मूर्ती, जाळीच्या दाराआड, कुलपात पाहिल्यावर मी मनातून परत फिरलेच होते. तुम्ही आत जाऊन विचारून आलात, कुलूप काढलंत. आणि मग माझ्याकडे न बघता थेट आईला विचारलंत, "अम्मा, किस तरफ से दिखता है?"

दादा, किती दिसतं हे तिला सगळे विचारतात. कुठून दिसतं, हे डॉक्टर सोडून आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तुम्ही तिला जरा तिरकं उभं केलंत आणि टॉर्च बाजूनं धरलात, उजेड दगडाला घासून जाईल असा. आधी केसांची गुंफण उठून आली, मग छातीवरून वळलेल्या माळा, कमरेची मेखला. हात तुटलेले, तिथं उजेड थांबला नाही. शेवटी ओठ.

"हसतेय गं!" आई म्हणाली.

हिला भारताची मोनालिसा म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. ही तिच्याहून पाचेकशे वर्षांनी थोरली. असो.

तुम्ही एकही नियम मोडला नाहीत, हे त्या "उद्या या"वाल्यांना कुणीतरी सांगायला हवं. माणुसकीला वेगळा अर्ज लागत नाही. चहाला पैसे देऊ केले तर तुम्ही हात मागे घेतलात. उलट पायऱ्या उतरताना आईला "तीन और हैं" म्हणून मोजून दिल्यात.

आई रोज एकदा तरी ते हसू सांगते, दर वेळी थोडं वाढवून.

जाता जाता तुमचा टॉर्च मिणमिणायला लागला होता. पत्राबरोबर नवे सेल पाठवतेय. हे पैसे नाहीत, तेव्हा हात मागे घेऊ नका.