गळा वाचवलात, आवाजाचे काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

महोदय, आपल्यामागे कामाचा व्याप मोठा आहे, तरी हे पत्र सवडीने वाचावे ही नम्र विनंती. माझ्या स्वरयंत्राला कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया करून ते पूर्ण काढले, वर किरणोपचार झाले, आणि आज मी ठणठणीत आहे. डॉक्टर, नर्स, वॉर्डातले सेवक, कुणाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मी वाचल्यानंतरची.

गेल्या आठवड्यात दिव्यांग दाखल्यासाठी एका सरकारी कचेरीत गेलो होतो. कुठली ते लिहीत नाही, कारण पुन्हा तिथेच जायचे आहे. माझ्या गळ्याच्या खालच्या खळग्यात रुपयाच्या नाण्याएवढे भोक आहे. श्वास नाकाने नाही, तिथून चालतो. आत श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधल्या भिंतीत सिलिकॉनची इवलीशी झडप बसवलेली आहे. अंगठ्याने भोक दाबले की छातीतली हवा झडपेतून वर घशात येते आणि शब्द उमटतो. घोगरा, पण माझा. तर मी भोक दाबून म्हटले, "नमस्कार, दाखल्याचे काम होते." समोरचे गृहस्थ एकदम खूश. "पात्रांव, तुमी बरे उलयतात मरे! मागीर दाखलो कित्याक?" म्हणजे, साहेब, तुम्ही चांगले बोलता की, मग दाखला कशाला?

मी अंगठा काढला आणि बोलतच राहिलो. ओठ हलताहेत, आवाज नाही, भोकातून नुसता फुसफुस वारा. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फायलीकडे पाहिले, आणि म्हणाले, "नियम बघावा लागेल. तुम्ही हेल्पलाइनला फोन करा."

वा! स्वरयंत्र काढलेल्या माणसाने फोन करायचा. केला हो. पलीकडच्या बाईंनी दोनदा 'हॅलो' म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला तर "पिऊन फोन करू नका" असे ऐकवले. उभ्या जन्मात मी दारूला शिवलेलो नाही. तंबाखूला शिवलो होतो, त्याचे बिल भरून झाले आहे.

आणि नियम काय बघायचा आहे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व आहे. त्यात वाचा आणि भाषा यांचा प्रकार सांगताना लॅरिंजेक्टमी, म्हणजे स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया, नाव घेऊन लिहिलेली आहे. दुकानदारी करणाऱ्या मला हे ठाऊक, आणि त्या खुर्चीला ठाऊक नाही!

आता झडपेचे ऐका. ही वस्तू जन्मभराची नसते. काही महिने जातात, तिच्यावर बुरशी धरते, पाते नीट मिटत नाही आणि ती गळू लागते. म्हणजे चहाचा घोट घेतला की त्यातले थेंब श्वासनळीत. खोकल्याची अशी उबळ येते की गल्ल्यावर गिऱ्हाईक असेल तर ते दोन पावले मागे सरते, आणि भोकातून उडालेला चहा शर्टावर. रोज आरशासमोर उभे राहून बारीक ब्रशने ती साफ करतो, तरी कधी ना कधी बदलावीच लागते. परदेशी झडप 15 हजार म्हणा, 30 हजार म्हणा, दुकानागणिक भाव निराळा. बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी 'ऑम' नावाची देशी झडप केली, तिची किंमत एक डॉलरच्या आसपास असल्याचे छापून आले होते. एक डॉलर! आपल्याकडे उद्घाटनाच्या पुष्पगुच्छाला याहून जास्त जातात. मग ती इथे खिडकीवर का मिळू नये? एका शिबिरात व्यासपीठावरून एका पुढाऱ्याने "झडप मोफत देऊ" असे माइकवर सांगितले होते. टाळ्या मीही वाजवल्या. नंतर चौकशी केली तर तसा कागदच कुठे नाही.

मी डिचोली तालुक्यातला. भजनात वाढलो. आमच्या जत्रेच्या नाटकात पदे म्हणायचो, लोक 'वन्स मोअर' द्यायचे. ऑपरेशननंतर पहिल्या चवथीला आरती सुरू झाली आणि मी टाळ हातात घेऊन मुका उभा. बायको रडली, मी नाही. भोकातून श्वास घेणाऱ्याला रडताना फार कफ सुटतो, सांगून ठेवतो. आज मी पोरांना पखवाज शिकवतो, नाटक बसवतो (प्रॉम्प्टिंगला तेवढे मला कुणी बोलवत नाही), दुकान चालवतो. नव्याने ऑपरेशन झालेला कुणी पाटीवर "मी परत बोलेन का?" असे लिहून विचारतो, तेव्हा त्याच्यासमोर अंगठा दाबून बोलून दाखवतो. हे काम सरकारचे आहे, महोदय. स्पीच थेरपिस्टचे आहे. मी फुकट करतो आहे, आणि मलाच विचारतात, दाखला कशाला!

राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही आरोग्य विमा योजना 2016 साली आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला उपचारासाठी वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाख. चांगलेच आहे, नाही कोण म्हणतो? पण या सगळ्या योजना खाटेभोवती बांधलेल्या असतात. माणूस दाखल झाला की पैसा, घरी गेला की राम राम. माझे खरे आजारपण घरी गेल्यावर सुरू झाले.

आणि एकूणच सगळे असे. 1842 साली पणजीत वैद्यकीय शाळा निघाली, हे आपण दर भाषणात ऐकवतो. धूम्रपान आणि थुंकण्यावर 1997 साली कायदा केला, त्याचीही पाठ थोपटून घेतो. बाजारात या, कर्करोग जागृतीच्या बॅनरखालीच पुड्या लटकताना दाखवतो. बॅनरवर हसरे चेहरे, मांडवीत कॅसिनोंची रोषणाई, आणि झडपेला निधी नाही! मते मागायला आलात की आमचा आवाज हवा असतो. आता तो काढून टाकलाय, झडप द्या, मग देतो.

मागणे थोडके आहे. झडप, ती साफ करायचे ब्रश आणि भोकावरचे फिल्टर जिल्हा इस्पितळांत मोफत मिळावेत. प्रत्येक जिल्ह्यात एक स्पीच थेरपिस्ट असावा. हेल्पलाइनवर लिहून तक्रार करता यावी. दाखले देणाऱ्यांना कायदा एकदा वाचायला लावावा. आणि येत्या अधिवेशनात, गेल्या पाच वर्षांत राज्यात किती जणांचे स्वरयंत्र काढले आणि त्यातल्या किती जणांना पुन्हा बोलता येते, हे दोन आकडे पटलावर ठेवावेत. पहिला आकडा तुमच्याकडे असेल. दुसरा कुणी मोजलाय का, तेही कळू द्या.

आपला,
डिचोलीचा एक दुकानदार