जहाजावर जाण्याआधी

औसा, जि. लातूर

चि. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर चेन्नईहून जहाजावर चढणार म्हणालीस आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडं दिला. राग नव्हता, बोलायला काही सुचलंच नाही. आपल्या घरात समुद्र पाहिला तो थोरल्या आत्यानं, तोही गणपतीपुळ्याच्या काठावरून.

समुद्र आणि पाऊस हा तुझा अभ्यासाचा विषय मला कळतो. अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवरच मोकळे होतात, आपण पडलो पर्जन्यछायेत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र होऊन पश्चिमेकडं सरकलं, की लातूर-बीडला झड लागते. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी तिथं वर राहतं, खालच्या खारट पाण्यात लवकर मिसळत नाही, हे दिवाळीत तू आजीला ताटात तेल-पाणी ओतून दाखवलंस. तिनं ते तेल निथळून दिव्यात घातलं.

जुलैत मोठी चक्रीवादळं सहसा होत नाहीत, असं सांगून आईची समजूत काढलीस. माझी निघाली नाही. कमी दाब तर होणारच ना? तेच मोजायला तू चाललीस. इथं सोयाबीन दुपानी आलंय, पावसानं ओढ दिलीय, सगळा गाव त्याचीच वाट बघतोय. आणि तो आला की तुझं जहाज हलणार. हात जोडताना काय मागावं तेच समजत नाही.

रात्री कठड्यापाशी एकटी जाऊ नकोस. यंत्रं पाण्यात सोडताना दोरापासून लांब उभी राहा. उपाशीपोटी राहू नकोस. लागलो बघ शिकवायला. तुझं काम तुला कळतं, मनावर घेऊ नकोस.

२०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा टँकरच्या रांगेत घागरीवर वही ठेवून तू गणितं सोडवायचीस. शेजारी आजी १९७२ ला खडी फोडायला गेल्याचं सांगत बसायची. दोन्ही दुष्काळांमागं एल निनो होता, म्हणजे तिकडं प्रशांत महासागराचं पाणी तापलं होतं, हे तूच आम्हाला सांगितलंस. आजीला ते नाव नीट म्हणता येत नाही, पण पारावर सगळ्यांना सांगते, माझी नात त्याच्या मागावर आहे. मी तिथं असलो की उठून जातो. डोळे भरून येतात.

आईनं आलेपाक पाठवलाय, मळमळलं तर चघळ. जहाजावर फोन लागत नाही म्हणतेस, मग निरोप कुठं मिळेल तो नंबर दादाला आजच दे.

तुझे,
अण्णा

ता. क. विहिरीत पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट काढू नकोस.