"नाही"ची मेल स्वतःच्या नावाने पाठवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

तुमचे आभार मानायला मेसेज केला होता, त्यावर तुम्ही "अगं, तुझंच काम होतं ते" एवढं लिहून विषय संपवलात. माझ्याकडून तो संपत नाहीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. रागावलात तरी चालेल.

प्रॉडक्ट हेड म्हणून माझ्या नेमणुकीचं पत्र हातात आलं तेव्हा घरच्यांच्या आधी तुमची आठवण आली, आणि त्याच्या पाठोपाठ आठवण आली ती तुमच्या आधी जे माझे साहेब होते त्यांची. त्यांच्याबद्दलही आज बोलणार आहे. "ओनरशिप घे, ओनरशिप घे" हे मी त्यांच्याकडून इतकं ऐकलंय की त्या शब्दाची भीती बसली होती. रोडमॅप, म्हणजे पुढे काय काय बनवायचं त्याचा आराखडा, ही नुसती एक एक्सेल शीट, सेल्सवाल्याने शुक्रवारी क्लायंटला काहीतरी कबूल केलं की सोमवारी त्यात एक ओळ वाढलेली असायची, आणि ती ओळ का आली असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तू आधी डिलिव्हरी बघ, स्ट्रॅटेजीचं नंतर बघू." ते नंतर कधी आलंच नाही. बरं, ह्यांच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये स्टीव्ह जॉब्सचा फोटो असणारच. पण तो माणूस १९९७ मध्ये ॲपलमध्ये परत आल्यावर त्याने काय केलं तर बहुतेक प्रॉडक्ट्स बंद केले आणि चारच चौकोन ठेवले, साध्या ग्राहकासाठी आणि प्रोफेशनलसाठी, दोघांना एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप. फोटो लावायचा आणि हे मात्र करायचं नाही, ह्याचा मला आजही राग येतो.

तुम्ही आल्यावर पहिल्यांदा मला ऑफिसमधून बाहेर काढलंत. आपलं सॉफ्टवेअर मेडिकल दुकानांसाठी, आणि तोपर्यंत मला कोणी एका दुकानात दुपारभर बसू दिलं नव्हतं, डेमो द्यायला नेलं असेल तेवढंच. हडपसरच्या त्या काकांच्या मेडिकलमध्ये तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि म्हणालात, "काही विचारू नकोस, फक्त बघ." बिल तर आपल्या सॉफ्टवेअरमधून फटाफट निघत होतं, कौतुक वाटलं मला. मग काकांनी काउंटरखालून एक खोकं ओढलं, त्यावर मार्करने एक्स्पायरी लिहिलेलं. आत स्ट्रिप्स, सिरपच्या बाटल्या, आणि सगळ्यात वर रबर लावलेली एक वही, कुठला माल कुठल्या स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, परत जायचाय आणि परत गेलेल्या मालाच्या पैशांची क्रेडिट नोट कोणाची यायची राहिलीय त्याची. प्रत्येक कंपनीची माल परत घ्यायची मुदत वेगळी, ती चुकली की नुकसान काकांच्या खिशातून. शेड्यूल एच-वनचं रजिस्टर, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद, २०१४ पासून सक्तीचं, ते आपण केलं होतं, जीएसटी केला होता, कायद्याने जे जे मागितलं ते सगळं होतं. पण त्या माणसाचा पैसा अडकला होता त्या खोक्यात आणि मागच्या कपाटात, आणि आपण लॉयल्टी पॉइंटवर चर्चा करत होतो.

परतताना गाडीत तुम्ही एकच म्हणालात, की आता स्लाइड नकोत, दोन पानं सरळ वाक्यांत लिही, अडचण काय आहे, आपण कुठे जोर लावणार आणि काय करणार नाही. हे तिसरं मला आधी कोणी लिहायलाच लावलं नव्हतं! ह्या वर्षी फक्त खरेदी आणि एक्स्पायरी, आणि यश मोजायचं ते किती फीचर रिलीज केले ह्यावर नाही, दुकानदाराचा किती माल मुदतीत परत गेला ह्यावर. करणार नाही त्या यादीत लॉयल्टी, पेशंटसाठी ॲप, डॉक्टरांसाठी वेगळं लॉगिन आणि होम डिलिव्हरी. ह्यातलं होम डिलिव्हरी सेल्सने एका मोठ्या क्लायंटला आधीच कबूल केलेलं, त्यामुळे वादळ येणार हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

आणि मग तुम्ही ती गोष्ट केलीत जिच्यासाठी हे पत्र आहे. रात्री मेल पाठवण्याआधी माझी दोन पानं तुम्ही वेगळी केलीत. "काय करणार नाही" हा भाग स्वतःच्या नावाने सगळ्यांना पाठवलात, खाली एक ओळ, "निर्णय माझा आहे, प्रश्न मला विचारा." आणि "काय करणार" हा भाग माझ्या नावाने, त्याच्यावर लिहिलंत की ही स्ट्रॅटेजी तिने लिहिली आहे आणि मीटिंगमध्ये तीच मांडेल. शिव्या तुमच्याकडे, श्रेय माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सेल्सच्या साहेबांचा आवाज तुमच्या केबिनच्या काचेतून बाहेर ऐकू येत होता, आणि तुम्ही बाहेर आलात तर मला विचारलंत काय, तर जेवलीस का.

मी ती मेल अजून जपून ठेवलीय. हुशार माणसं आपल्या क्षेत्रात खूप आहेत हो, फ्रेमवर्क तोंडपाठ असणारी तर ढिगाने, पण वरून येणारा मार स्वतः झेलून खालच्याला बोलायला जागा करून देणारी माणसं किती? माणुसकी असलेल्या माणसाच्या हाताखाली काम केलं की डोकंही जास्त चालतं हे मी स्वतः अनुभवलंय, कारण भीतीतला अर्धा वेळ वाचतो आणि तो विचार करायला मिळतो. मीटिंगमध्ये मी अडखळले तेव्हाही तुम्ही मध्ये बोलला नाहीत, पाण्याची बाटली पुढे सरकवलीत आणि थांबलात. तेवढ्यात मला माझा मुद्दा सापडला.

नंतर तुम्ही म्हणाला होतात, "पुढच्या वेळी नाहीची मेल तू लिहायचीस." लिहिली मॅडम. आणि आता टीममध्ये नवीन मुलगा आलाय, त्याची नाहीची मेल अजून मी लिहिते, त्याच्या कामाखाली नाव त्याचं असतं.

आणखी एक. ज्या होम डिलिव्हरीला आपण तेव्हा नाही म्हटलं, ती पुढच्या वर्षी घ्यावी असं मला आता वाटतंय, कारण काकांसारख्या दुकानदारांची गिऱ्हाइकं औषधांच्या ॲप्सकडे वळतायत आणि स्टॉकचा हिशोब आता नीट बसलाय. तुम्हाला पटणार नाही हे माहितीये. दोन पानं लिहून तयार आहेत, काय करणार नाही त्यासकट. रविवारी घरी येते, नीट वाद घालू.

तुमचीच,
पूर्वीची टीममेट