आरोग्यमंत्री महोदय, साठा कधी येणार?

मा. आरोग्यमंत्री,
सादर नमस्कार.

नव्या बालविभागाची फीत कापताना आपण म्हणालात, "बाळांच्या फिटवरचं औषध आता कमी पडणार नाही." तेव्हा मी पोटुशी होते, टाळ्याही वाजवल्या. ती लेक आता सात महिन्यांची आहे. परवा त्याच विभागाच्या खिडकीतून उत्तर मिळालं, "एसीटीएच? साठा संपलाय. पुढच्या आठवड्यात बघा." एसीटीएच म्हणजे तेच फिटवरचं औषध, हार्मोनचं इंजेक्शन.

आठवडाभर काय बघायचं, तेही सांगते. झोपेतून उठली की तिची मान झुकते, हात फाकतात, गुडघे पोटाशी येतात. सेकंदभर. मग पुन्हा. काल सकाळी वहीत ३४ रेघा ओढल्या. हसायची ती, तेही बंद झालंय. आधी 'पोटात वायू धरलाय' म्हणून थेंब दिले, त्यात १२ दिवस गेले. मग ईईजी काढला, तर मेंदूच्या लहरींचा नुसता गुंता. वेस्ट सिंड्रोम, तान्ह्या बाळांना होणारा फिटचा आजार.

मग बी-६ सुरू केलं. मोजक्या बाळांना ते लागू पडतं, नाही म्हणत नाही. हिला पडलं नाही. तरी "जीवनसत्त्वच आहे" म्हणत रेटत राहिले, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणे! अहो, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, त्याही हार्मोनच्याच जातीच्या, त्याच इमारतीत दम्याच्या मुलांना देतात. मोठ्या डोसात त्या या आचक्यांवर चालतात. २००४ च्या ब्रिटिश चाचणीत हार्मोन दिलेल्या बाळांपैकी ७३ टक्क्यांचे आचके दोन आठवड्यांत थांबले होते. विचारलं तर म्हणाले, "तशी लेखी सूचना नाही." ती सूचना कुणाच्या टेबलावर निजली आहे?

या औषधांनी रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्गाची भीती असते, औषध एकदम तोडता येत नाही, सगळं ठाऊक आहे मला. म्हणून तर रुग्णालयात आणली. तिथे तिच्या दंडाला बसेल एवढा रक्तदाबाचा पट्टा नाही. आपला फोटो मात्र भिंतभर.

१८४१ साली डॉ. वेस्ट यांनी स्वतःच्या मुलाच्या आचक्यांवर 'लॅन्सेट'ला पत्र लिहिलं, तेव्हा त्यावर औषधच नव्हतं. आज आहे, आणि निविदेत अडकलंय. दोन-तीन हजारांत एखादं बाळ असं निघतं म्हणतात. एवढ्याशा मतांसाठी कोण फाईल हलवणार? फीत कापायला कात्री तेवढी वेळेवर मिळते.

पुढच्या आठवड्यात म्हणजे कुठल्या वारी, तेवढं कळवा.

एक आई