अ‍ॅकिल बेटावरच्या मुलांचे गाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रॉबर्ट हेन्राय या अमेरिकी चित्रकाराने रंगवलेले एका आयरिश मुलीचे व्यक्तिचित्र छापलेत, त्याबद्दल मनापासून आभार. लहान मुलांची अशी तैलचित्रे आपल्या वाचकांसमोर क्वचितच येतात. मात्र चित्राखाली ‘अगदी फोटोसारखे हुबेहूब’ अशी ओळ होती, ती खटकली. व्यक्तिचित्रण शिकणाऱ्या मुलांची त्या ओळीने दिशाभूल होते. हेन्रायच्या चित्राजवळ गेले की ब्रशचे फटकारे सुटेसुटे दिसतात. चार पावले मागे आले की त्यांचा चेहरा होतो.

हेन्राय १९१३ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यातल्या अ‍ॅकिल बेटावर पहिल्यांदा गेला. त्याची पत्नी मार्जरी जन्माने आयरिश. मग महायुद्ध आले, आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा झाला, आणि तो परतला थेट १९२४ मध्ये. त्या वर्षी त्याने डुआ गावाजवळचे कोरीमोर हाउस विकत घेतले. (ज्याच्या नावावरून ‘बॉयकॉट’ हा शब्द आला, तो कॅप्टन बॉयकॉट पूर्वी याच घरात राहत असे.) पुढची काही वर्षे वसंत आणि उन्हाळा तिथे काढून त्याने गावातली मुले रंगवली. १९२९ मध्ये त्याचे निधन झाले. यांतली बरीच चित्रे २४ बाय २० इंचांची आहेत, म्हणजे मुलाचे डोके जवळजवळ खऱ्या आकाराचे. तळहाताएवढ्या छपाईत हे कळत नाही.

सहा-सात वर्षांचे मूल एका जागी वीस मिनिटांहून जास्त बसत नाही. त्यामुळे रंग ओला असतानाच, शक्यतो एका बैठकीत चित्र संपवायचे, हीच हेन्रायची रीत होती. अशा कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी रंगाने) डोके, मान आणि खांदे यांचे मोठे आकार मांडावेत. मग पार्श्वभूमी आणि केस, कारण त्यांच्या शेजारी ठेवल्याशिवाय त्वचेची छटा किती उजळ हे ठरत नाही. मग उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू, प्रत्येकी एकाच सपाट छटेत. डोळे सगळ्यात शेवटी. आपले विद्यार्थी डोळ्यांपासून सुरुवात करतात, पापण्या रंगवण्यात पहिला तास घालवतात, आणि तोवर मूल कंटाळून उठलेले असते.

मोजमापातही एक चूक सर्रास होते. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात. लहान मुलात त्या मध्यावर भुवया येतात आणि डोळे त्याखाली. कपाळ मोठे, नाक आखूड, नाकाचा दांडा बसका, हनुवटी लहान. डोळे मध्यावर काढले की पोराच्या जागी बुटका म्हातारा दिसू लागतो. मग गाल कितीही गुबगुबीत करा, उपयोग होत नाही.

आता गाल. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याने या मुलांचे गाल लाल झालेले असतात आणि बाकीची त्वचा इतकी पातळ, फिकट असते की कपाळाच्या कडेला निळसर शीर दिसते. पांढऱ्यात नुसता लाल मिसळला की चेहरा प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखा खडूगुलाबी होतो. पाच भाग टायटॅनियम व्हाइटमध्ये एक भाग यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि जेमतेम अर्धा भाग कॅडमियम रेड घेऊन सुरुवात करावी. कपाळाकडे ऑकर वाढवावा, गाल-नाक-कानांच्या पट्ट्यात लाल, आणि हनुवटीकडे किंचित हिरवट-करडी छटा. गालाचा लाल डाग उजेडातल्या बाकीच्या त्वचेइतकाच उजळ हवा. तो गडद झाला की मार लागल्यासारखा दिसतो. त्याची कड बोटाने पुसू नये. शेजारची करडी छटा ओल्या रंगात एकदाच ओढावी आणि ब्रश उचलावा. तीनदा ब्रश फिरवला की रंगाचा चिखल होतो. तसे झालेच तर पॅलेट नाइफने (रंग मिसळायच्या चपट्या सुरीने) तेवढा भाग खरडून नव्याने लावावा, वरून थर चढवू नये.

तांबूस केसांना ट्यूबमधला नारिंगी लावू नये. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि ऑकर पुरतात, सावलीत थोडे अलिझरिन (गडद किरमिजी). डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतोच, करडा असतो. शुद्ध पांढऱ्याचा एकच ठिपका, तोही शेवटी.

मोबाइलवरच्या फोटोवरून यातले फारसे शिकता येत नाही. फोटोत सावल्या काळ्या पडतात आणि ही हिरवट-करडी छटा नेमकी गायब होते. आपल्या छपाईतही तेच झाले: गाल विटकरी आले आणि पार्श्वभूमी केसांत मिसळून गेली.

तेव्हा विनंती अशी की, पुढे असे चित्र छापताना त्याखाली माध्यम, आकार, वर्ष आणि ते कोणत्या संग्रहात आहे एवढे द्यावे. आणि जागा असेल तर गालाचा दोन इंचांचा तुकडा मूळ आकारात शेजारी छापावा.

आपला,
व्यक्तिचित्रणाचा एक शिक्षक, कोल्हापूर