वीज गेली, नोंदही गेली

मा. संपादक,

पावसात वीज जाण्याबद्दल गोव्यात आता कोणी पत्र लिहीत नाही. मी लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. जुलैत म्हापशाकडच्या एका पतसंस्थेत सर्व्हर मंद चालतो म्हणून बोलावले होते. खात्यांची माहिती सांभाळणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर या सॉफ्टवेअरची एरर लॉग (चुकांच्या नोंदींची) फाईल उघडली, तर 18456 या क्रमांकाच्या ओळीच ओळी. म्हणजे फसलेले लॉगिन. ‘‘तो एरर रोजचाच, दर पंधरा मिनिटांनी येतो,’’ कारकून म्हणाला. त्याचे बरोबर होते. मार्चअखेर पासवर्ड बदलला, पण व्यवस्थापकांच्या संगणकावरचा एक रिपोर्ट अजून जुनाच पासवर्ड पाठवत होता.

त्या ओळी बाजूला काढल्या, तेव्हा खरा प्रकार दिसला. रात्री दोननंतर बाहेरच्या एकाच आयपी पत्त्यावरून ‘एसए’ (सर्व अधिकार असलेले मुख्य खाते) या नावाने सेकंदा-सेकंदाला लॉगिनचे प्रयत्न. ओळीच्या शेवटी कारण सांगणारा आकडा, स्टेट 8, म्हणजे नाव बरोबर, पासवर्ड चूक. (नावच चुकले तर 5 येतो, स्क्रीनवर हा फरक दिसत नाही, लॉगमध्येच दिसतो.) सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने घरबसल्या दुरुस्तीसाठी राउटरवर 1433 पोर्ट (बाहेरून एसक्यूएल सर्व्हरपर्यंत पोचायचे दार) उघडला होता, तो तसाच राहिला.

हे कधीपासून चालले होते? सांगता आले नाही. ही फाईल सर्व्हर सुरू होताना दर वेळी नवी होते आणि मूळ सेटिंगमध्ये मागच्या सहाच राहतात. यूपीएसची बॅटरी मेलेली, वीज दिवसातून तीन-चारदा जायची. हातात जेमतेम दोन दिवसांची नोंद उरली. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपायचे असतात!

सहामाहीला व्हाउचर न् व्हाउचर तपासणारे लेखापरीक्षक ही फाईल मागतात का? सभासदांनी यंदाच्या सर्वसाधारण सभेत एवढे तरी विचारावे. फाईलींची संख्या 99 पर्यंत वाढवता येते, पण त्यावर विसंबू नये. रोज एक प्रत दुसऱ्या संगणकावर जायला हवी. ‘एसए’ तर बंदच ठेवावे.

आम्ही पोर्ट बंद केला. दुसऱ्याच दिवशी पुरवठादाराचा रागावून फोन: ‘‘आता आम्ही तिथपर्यंत गाडी घेऊन यायचं काय?’’

– संगणक देखभाल करणारा एक वाचक, म्हापसा