आई-बाबांना, त्या पिंपाबद्दल

बडोदा

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबांच्या खात्यात त्या पिंपाचे २,३९९ रुपये परत जमा झाले, हे आईनं फोनवर सांगितलं. बाबा, तुम्ही मात्र फोन घेऊन "तिकडचा गरबा संपला का?" एवढंच विचारलंत आणि फोन परत आईकडे दिलात. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही विषय काढू देत नाही, पण पत्र मात्र दोनदा वाचता.

गणपतीत मी इंदूरला आले तेव्हा ते पिंप जिन्याखाली दिसलं. तांब्याचं, नळासकट, नवंकोरं, आणि आत जुन्या छत्र्या. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांना काही विचारू नकोस." रात्री ओटा पुसता पुसता तिनं सगळं सांगितलं. आजीचा तांब्याचा हंडा फुटल्यापासून आई हळहळत होती, म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला तिला न सांगता तुम्ही ते खरेदीच्या ॲपवरून मागवलंत. खोकं बारा दिवस कपाटावर लपवून ठेवलंत. उघडलं, आईनं चिंच-मीठ लावून घासलं, आणि बुडाच्या कडेला नखाएवढी पांढुरकी रेघ उमटली. तोवर परत करायची सात दिवसांची मुदत संपलेली.

पुढचं मात्र आईनं फार हळू आवाजात सांगितलं. तुम्ही मोबाइलवर शोधून कस्टमर केअरचा एक नंबर लावलात. पलीकडच्या माणसानं गोड बोलून एक ॲप उतरवून घ्यायला सांगितलं आणि मग यूपीआयचा पिन मागितला. तिथे तुम्ही फोन ठेवलात. बाबा, त्या दिवसापासून तुम्ही त्या पिंपाचं नाव काढलं नाही. जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या आणि आपणच फसलो, असं तुम्ही आईला म्हणालात. हे ऐकल्यावर मला झोप लागली नाही.

तुम्ही फसला नाहीत. पिन मागितल्याबरोबर तुम्ही थांबलात, तिथेच तुमची बँक कामाला आली. पैसे परत घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही. हे तुम्हाला ठाऊकच होतं. आणि पिंपाचं म्हणाल, तर फोटोत तांबं दिसत होतं, खाली "शंभर टक्के शुद्ध तांबे" लिहिलं होतं. लिहिलेल्यावर विश्वास ठेवला, यात तुमची चूक कोणती? ज्यानं ते लिहिलं, चूक त्याची.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आरतीचं सामान आणायला गेलात तेव्हा फ्रिजवरचं चुंबक मी पिंपाला लावलं. टक्कन चिकटलं. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही, एवढं तर शाळेतलं. आईला म्हटलं, तूच धर, मी व्हिडिओ काढते. अर्ध्या मिनिटाचा तो व्हिडिओ माझ्याकडे अजून आहे. आईच्या हिरव्या बांगड्या, चुंबक, आणि "अगं, सुटतच नाही हे" असा तिचा आवाज. मग आम्ही दोघी रिक्षानं कसेरा बाजारात गेलो. तिथल्या दुकानदारानं पिंप उचललं, बोटानं वाजवलं आणि म्हणाला, "दीदी, लोहे पे तांबे का पानी चढ़ा है." पैसे न घेता त्यानं आपल्या बिलाच्या कागदावर तसं लिहून शिक्का मारून दिला. बाबा, त्याला दिवाळीत फराळ द्या.

यापुढचं तुम्ही आपल्या वहीत लिहून ठेवावं असं मला वाटतं, कारण गल्लीत पुन्हा कुणावर ही वेळ येईलच.

आधी त्या खरेदीच्या ॲपवर तक्रार केली. मुदत संपली, असं छापील उत्तर आलं. तुम्ही इथेच थांबला होतात, आणि बहुतेक सगळे इथेच थांबतात. पण ऑनलाइन खरेदीसाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम आलेत. माल जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल, तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. नको वाटलं म्हणून परत करणं वेगळं आणि सांगितलं एक, पाठवलं दुसरं, हे वेगळं. सात दिवसांची अट दाखवून दुसरी गोष्ट झाकता येत नाही. अशा प्रत्येक ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा.

त्या अधिकाऱ्याला मी मेल लिहिला. फार नाही, पाच-सहा ओळी. वर्णनात काय लिहिलं होतं, आलं काय, आम्हाला काय हवं. सोबत तुमचं बिल, त्या पानाचा फोटो, आईचा व्हिडिओ आणि कसेरा बाजारातला तो कागद. रागाचा एक शब्द घातला नाही, जरी बोटं शिवशिवत होती. तुम्ही बिल जपून ठेवलं होतंत म्हणून निम्मं काम झालं.

आठवड्यानं उत्तर आलं, की ३०० रुपये देतो, पिंप ठेवून घ्या. आईनं तेव्हा हळूच विचारलं होतं, "घेऊन टाकायचे का? वाद मिटेल." आई, तुझा वाद मिटला असता, पण जिन्याखालचं पिंप तिथेच राहिलं असतं आणि बाबा रोज त्याच्यावरून ये-जा करत राहिले असते. मी नाही म्हणून कळवलं आणि १९१५ ला फोन लावला. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलता येतं, मी मराठीतच बोलले. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात आणि नोंदणी क्रमांक देतात. नऊ दिवसांनी उत्तर बदललं, माणूस येऊन पिंप घेऊन गेला आणि पूर्ण पैसे आले.

नसते आले तर मी जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते. बाबा, तुम्ही म्हणालात ना, "दोन-अडीच हजारांसाठी कोर्टात कोण जातं?" तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि विक्रेता कुठल्याही गावचा असो, तक्रार आपल्या इंदूरमध्येच करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत असते. आपल्याकडे वेळ भरपूर होता.

मला पैशांचं एवढं नाही. चार महिने तुम्ही दोघं ही गोष्ट मनात घेऊन जेवत होतात आणि मी रोज रात्री फोनवर "सगळं ठीक ना?" विचारत होते, हे मला फार लागलं. मी लहान असताना पाकीट हरवून घरी आले, तर तुम्ही आधी जेवायला वाढलं होतंत, मग पाकिटाचं विचारलं होतंत. आता तुमचं काही हरवलं, कुणी फसवलं, तर त्याच संध्याकाळी मला सांगा. मी रागावणार नाही, आणि भावाला सांगू नको म्हणालात तर सांगणार नाही.

आता एक करा. ते २,३९९ रुपये खात्यात ठेवू नका. आईला घेऊन कसेरा बाजारात त्याच दुकानात जा. तिथे तांबं वजनावर मिळतं, समोर तराजूवर ठेवून. पिंप नको, हंडाच घ्या, आजीचा होता तसा रुंद गळ्याचा. थोडे पैसे कमी पडले तर माझ्याकडून. आई, त्यावर नाव घालून घ्यायचं असेल तर दोघांचं घाल.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी येते आहे.

तुमची,
धाकटी